समाचाराला येणारी माणसं

आबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा मी सोलापुरात नुकताच मास्तर झालो होतो. आई आधीच गेलेली, म्हणून वडलांना मी माझ्या चाळीतल्या खोलीवर आणलं. माझं लग्न व्हायचं होतं. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं जन्म काढून आबांनी मला बी. ए. केलं होतं, त्यांचं करणं मला जड वाटता कामा नये, असं मी स्वतःला रोज बजावत असे. शाळेआधी त्यांची अंघोळ, भरवणं, अंथरूण बदलणं. मधल्या सुट्टीत धावत घरी. संध्याकाळी पुन्हा तेच. पूर्वी मी रोज तासभर तळ्याकाठी फिरायला जाई. ते बंद केलं. बापाला टाकून हवा खायला जातो, असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यामागं होतं.

म्हणणारे पुष्कळ होते. समाचाराला जायची रीत मुळात चांगली असेल, पण आमच्या चाळीत तिची करमणूक झाली होती. रोज संध्याकाळी खाटेभोवती बैठक जमे. आबांची जीभ अडखळायची, म्हणून ही शहाणी माणसं त्यांना बहिरंही समजत. त्यांच्या उशाशी बसून "आता काही खरं नाही" म्हणत आणि माझ्या हातचा चहा फुरके मारत पीत. कुणी लसणाचं तेल सांगे, कुणी अक्कलकोटचा अंगारा. आबांना कुशीवर वळवायला मात्र एकानंही कधी हात लावला नाही. लघवीचं भांडं बाहेर निघालं की सगळ्यांना एकदम घरची कामं आठवत.

त्यांचे म्होरके शेजारचे पेन्शनर कारकून. ते एकदा म्हणाले, "मास्तर, लग्न उरकून घ्या. सून आली की करील सगळं." कुणाची तरी मुलगी केवळ भांडं उचलायला आणायची! मग आबांकडे बोट दाखवून म्हणाले, "नशीबवान आहे म्हातारा. असा मुलगा मिळायला पुण्य लागतं."

त्याच सकाळी आबांचा हात बाहीत जाईना, म्हणून मी तो इतक्या जोरानं ओढला होता की दंडावर माझी बोटं उमटली होती. आबा ओरडले नाहीत. त्यांनी नुसतं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मला कारकुनांची किळस आली, आणि त्यांच्याहून जास्त माझी. मी आबांची बाही वर सारली. "हे बघा ते पुण्य. सकाळी मीच केलंय. मी थकलोय. मला या कामाचा राग येतो, आणि उद्या आणखी काय करीन सांगता येत नाही."

कारकुनांनी कपबशी खाली ठेवली. तेवढ्यात खाटेवरून घोगरं हसू आलं. तोंडाच्या एका बाजूनं आबा म्हणाले, "मेंढराला बी असं वढत न्हाईत, मास्तर." मग दम घेऊन, "जा, तळ्यावर जाऊन ये. ह्ये बसत्यात की हितं. लई काळजी हाय त्यास्नी माझी."

मी भांडं कारकुनांच्या पायाशी ठेवलं आणि चपला घातल्या.

तासाभरानं आलो, तर बाकीचे पसार झालेले. कारकून एकटेच भिंतीला टेकून घामाघूम बसले होते. मला पाहताच ते उठून गेले.

"जमलं का त्यांना?" मी विचारलं.

"निम्मं सांडलं," आबा म्हणाले. "पर मानूस शिकंल."

कुठला शिकतोय! दुसऱ्या दिवसापासून समाचाराला कुणी फिरकलं नाही. मी आबांच्या डाव्या हाताशी पाण्याचा तांब्या ठेवून रोज तळ्यावर जाऊ लागलो. चाळीत काय म्हणायचं ते म्हणत असतील. पुढंही एकदोनदा माझा हात तसाच शिवशिवला. त्या त्या दिवशी मी चपला जरा लवकर घातल्या.