घेणारीची मूठ

आमच्या चर्चच्या धान्यवाटपाबद्दल जामखेडच्या बाजूला दोन गोष्टी छातीठोकपणे सांगितल्या जातात. एक, हे लोक दाणे देऊन धर्म वाढवतात. दोन, यांना बाहेरून पैसा येतो. दोन्ही धादांत खोट्या. धान्य येतं ते आमच्या बायकांच्या चुलीपासून. स्वयंपाकाला बसताना प्रत्येक बाई एक मूठ बाजूला काढते आणि रविवारी पिशवीत घालून उपासनेला आणते. लोकांच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बायांची मूठ आहे ती. त्यांतली एक माझी आई. अभिमान वाटतो, आणि तो मी लपवणार नाही.

दिवाळी झाली की धडधाकट माणसं ऊस तोडायला राहुरी-देवळालीकडे जातात. मागे उरतात म्हातारी आणि शाळेतली पोरं. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा चर्चच्या ओसरीवर वाटप. जात, धर्म कुणी विचारत नाही. रीत एकच: धान्य मिळालं की घेणारीनं त्यातली मूठभर उंबऱ्याजवळच्या टोपलीत टाकायची, पुढच्या घरासाठी.

या रीतीची मला भयंकर चीड होती. कॉलेजपासून मोर्चे काढलेला, पत्रकं लिहिलेला मी. गरिबाला दिलेलं परत मागता? लाज नाही वाटत? मागच्या हिवाळ्यात आई आत धान्य निवडत होती, वाटायला मी बसलो होतो. टोपली उचलली आणि खोलीत नेऊन ठेवली. कुणाला विचारलं नाही.

ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची एक म्हातारी सातवीतल्या नातीला घेऊन आली. लेक-सून ऊसतोडीला. घरात दाणे नसतील तर सोमवारी मुकादमाच्या टेम्पोत नातही आईबापाकडे उसाच्या फडावर जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि फडावर गेलेली पोरगी शाळेत परत येत नाही. अशा किती पाहिल्यात मी.

मी तिच्या पोत्यात ज्वारी ओतली. तिनं मूठ भरली आणि इकडंतिकडं पाहिलं.

"टोपली कुटं हाय?"

"बंद केली, आजी. सगळं तुमचंच. न्या."

"कुनी केली बंद?"

"मी."

मूठ तिनं पोत्यातच सोडली. पोतं माझ्याकडं सरकवलं. "मग हे बी ठेव. भीक मागाया न्हवते आले मी."

नातीचा हात धरून ती ओसरी उतरली. "अहो, हक्क आहे तुमचा!" मी मागून ओरडलो. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आई बाहेर आली. झालं ते सांगितलं.

"तुला पत्रकं वाटायची सवय," ती म्हणाली. "लोकांच्या हातात कोंबायचं अन् पुढं चालायचं. दानं तसं वाटत न्हाईत, बाबा."

"पण गरिबाकडून मूठ घ्यायची म्हणजे..."

"ती मूठ हाय म्हनून ती वढा वलांडून येती. पाटलाच्या भावकीतली बाई आपल्यासारख्या खुरपणाऱ्यांच्या दारात हात पसरायला येईल व्हय? उचल पोतं. टोपली बी घे."

वस्तीवर पोचलो तेव्हा म्हातारी अंगणात शेळीला पाला टाकत होती. आईनं टोपली तिच्यापुढं धरली.

"आत्याबाई, तुमची मूठ राहिली."

"तुझा पुढारी म्हनला बंद केली."

"त्याला काय कळतंय? त्याची मूठ निस्ती घोषणा द्यायला वळती."

आधी नात फिस्सकन हसली. म्हातारीनं हसू दाबून पाहिलं, पण जमलं नाही. मग पोत्यात हात घालून तिनं शीग लावून मूठ भरली, टोपलीत सोडली आणि माझ्याकडं डोळे वटारले. "आता कसं? ठिव त्ये पोतं आत."

मी ते गुमान आत ठेवलं. त्या दिवशी मला आमच्या बायांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा माझ्या एकाही पत्रकाचा कधी वाटला नाही. माणसाला देताना त्याची मान कशी ताठ ठेवायची, हे त्या कुठल्या शिबिरात शिकल्या होत्या?

सोमवारी सकाळी मी मुद्दाम फाट्यावर जाऊन थांबलो. टेम्पो आला. मुकादमानं वस्तीकडं तोंड करून दोनदा हाळी दिली. म्हातारी एकटीच चालत आली.

"पोरगी साळंत गेली," ती मुकादमाला म्हणाली. "तिच्या आईला सांग, घरात दानं हायेत. आन् कुनाचं उपकार न्हाईत."