पहिली भाकरी मावशीची

तव्यावरची पहिली भाकरी गयामावशी स्वतः खायची. गाईला नाही, अग्नीला नाही, रेक्टरसाहेबांना तर नाहीच. चुलीपासून दोन पावलं मागं सरून, उभ्या उभ्या, मिठाचा खडा आणि कांद्याची फोड घेऊन ती भाकरी ती शेवटच्या तुकड्यापर्यंत चावून चावून संपवायची. त्यानंतर कॉलेजची साडेदहाची घंटा होईपर्यंत टोपलीतल्या भाकरीला कुणी हात लावायचा नाही. लावलाच, तर उलथणं बोटांवर बसायचं. मी पहिल्याच आठवड्यात खाल्लं होतं, भाकरीच्या आधी उलथणं.

"मावशी, आम्ही उपाशी आणि तुम्ही आधी?" असं कुणी चिडवलं की ती म्हणायची, "लोकाची लेकरं हायेत तुमी. लोकाच्या लेकराला घालायचं तर आदी आपल्या पोटात घालून बघावं. माजं पोट म्हातारं हाय, त्याला काय हुतंय?" आम्ही हसायचो. तिच्या या भाकरीला पोरांनी 'मावशीचा नैवेद्य' असं नाव ठेवलं होतं.

ती काष्टीची. नवरा गेल्यावर नात्यातल्या हौसाबाईला बरोबर घेऊन कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात भाकरी थापायला आली होती. विद्यापीठ नवंकोरं होतं, झाडंसुद्धा अजून आमच्या खांद्याएवढी होती. शंभराच्या वर पोरांची नावं लक्षात ठेवण्याच्या भानगडीत मावशी कधी पडली नाही. ती गावावरनं हाक मारायची. "ए पारनेर, आमटी घे." "ए जामखेड, वाळलास रं." मी बेलापूर. माझं खरं नाव तिला शेवटपर्यंत माहीत नव्हतं असं मला वाटतं, आणि त्याचं तिचं काही अडलं नाही.

मी मूळचा भित्रा. इथं आल्यावर भीतीला नुसता ऊत आला. सिनिअर पोरांची भीती, इंग्रजीतल्या लेक्चरची भीती, पहाटे प्लॉटवर हजेरीला उशीर झाला तर त्याची भीती. संध्याकाळी कबड्डीच्या मैदानावर मी चढाईला जायचो तो रेषेला पाय लावून परत यायचो. स्नेहसंमेलनाच्या नाटकात मला शिपायाचं काम दिलं होतं आणि दोनच वाक्यं होती, तरी तालमीच्या आधी मी ती शंभरदा घोकायचो. हे सगळं मावशीनं न सांगता ओळखलं होतं. "बेलापूर, भ्यालास की भूक लागती. बस, खा," म्हणून ती ताटात अर्धी भाकरी जास्त टाकायची.

त्यात बाहत्तरचा दुष्काळ पडला. मग सगळ्यांना एकच भीती राहिली, मेस बंद पडण्याची. मेस बंद म्हणजे पोरं घरी, आणि घरी तर विहिरी आटलेल्या. आमटी इतकी पातळ झाली की पोरं तिला 'पाझर तलाव' म्हणायला लागली. ज्वारी मिळेना, म्हणून बाहेरच्या देशातली मिलो नावाची तांबडी ज्वारी येऊ लागली. तिच्या पिठाला चिकटपणा नाही. भाकरी थापावी तर हातात तुटायची. मावशी पिठाची उकड काढायची, तळहात भाजेपर्यंत मळायची आणि कशीबशी गोल भाकरी तव्यावर न्यायची. "ह्या धान्याला आईबाप न्हाईत. कुठं पिकलं, कुनी मळलं, काय ठावं? म्हनून लई निवडाया पायजे," हे तिचं पालुपद.

निवडायची रीत ठरलेली होती. मेसवर दर महिन्याला एका पोराची धान्याची पाळी असायची, त्याला आम्ही अन्नमंत्री म्हणायचो. पोतं फुटलं की अन्नमंत्री आणि या दोघी बायका मिळून ते चाळायचं, सुपानं पाखडायचं, हातानं निवडायचं, आणि अन्नमंत्र्यानं "साफ आहे" म्हटलं की मगच पोतं गिरणीत जायचं. त्या महिन्यात अन्नमंत्री मी होतो.

आणि त्याच महिन्यात तणांच्या बियांचा संग्रह द्यायचा होता. पंचवीस प्रकारच्या तणांचं बी गोळा करायचं, काचेच्या नळ्यांत भरायचं, चिठ्ठीवर शास्त्रीय नाव लिहायचं आणि पुठ्ठ्याच्या पेटीत बसवून सरांना द्यायचं. एरवी पोरांचा खेळ. पण त्या साली रानात पीक नव्हतं तसं तणही नव्हतं. बांध तुडवून माझे चोवीस प्रकार झाले होते. एक नळी रिकामी होती, ती धोत्र्याची. मंगळवारी दुपारी पेटी द्यायची होती आणि सोमवारी सकाळी मी पोत्यात हात घातला. मूठ बाहेर काढली तर तांबड्या दाण्यांत काळपट, चपटं, कानाच्या पाळीच्या आकाराचं बी.

मी ते तत्क्षणी ओळखलं. आनंदानं ओरडायचाच राहिलो. एक, दोन, चार, अशा आठ बिया वेचल्या आणि रुमालात बांधल्या. माझ्या डोक्यात एवढंच आलं की पंचवीस पूर्ण झाले. मुठीत आठ निघाल्या तर पोत्यात किती असतील, हा हिशेब शेतकी कॉलेजातल्या पोराला सुचू नये? नाही सुचला. नळीत बी भरायचं होतं, चिठ्ठ्या लिहायच्या होत्या. सूप घेऊन बसलेल्या मावशीला मी म्हणालो, "राहू द्या मावशी, मी बघितलंय. साफ आहे."

हौसाबाई कुरकुरली. तिला मावशी म्हणाली, "अगं, त्यो शिकतोय. त्याला बी वळकता येतं. आपल्या डोळ्यास्नी काय दिसतंय आता?" आणि पोतं गिरणीत गेलं.

मंगळवारी सकाळी मी खोलीत शेवटच्या चिठ्ठीला खळ लावत होतो. सवादहाच्या सुमाराला खाली आरडाओरडा झाला. गेलो तर मेसच्या दाराशी पोरांची गर्दी, आणि आत मावशी भिंतीला टेकून बसलेली. तोंड लालबुंद. हौसाबाई सांगत होती की भाकरी खाल्ल्यावर थोड्या वेळानं मावशीच्या तोंडाला कोरड पडली, तीन तांबे पाणी प्याली तरी जाईना. तेव्हा तिनं शुद्धीत असताना एवढंच सांगितलं, "हौसा, टोपली झाक. मला कायतरी येगळंच व्हतंय. पोरास्नी एक तुकडा दिऊ नगंस."

आता ती शुद्धीत नव्हती. डोळे उघडे होते, पण त्यांत नुसती काळी बुबुळंच दिसत होती. आणि तिचे हात चालू होते. हवेतलं पीठ मळत होती, हवेतच भाकरी थापत होती, उलटून तव्यावर टाकत होती. मधेच ओरडत होती, "ए पारनेर, माघारी हो! ए बेलापूर, खाऊ नगंस रं!" माझ्याकडं तोंड करून म्हणत होती, पण मी तिला दिसत नव्हतो. 

कुणी म्हणालं ऊन लागलं. कुणी म्हणालं अंगात आलं, अंगारा आणा. रेक्टरसाहेबांनी जीप मागवली आणि मावशीला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मी एकट्यानं जाणलं होतं की हे धोत्र्याचं विष आहे. आणि मी काय केलं? खोलीत जाऊन कडी लावली.

पेटी समोर होती. मला वाटत होतं, कुणाला कळणार आहे? बी दळलं गेलं, त्याचं पीठ झालं. आठ बिया फेकून दिल्या की संपलं. सांगितलं तर मला विद्यापीठातनं काढतील, वडलांना बोलावतील, गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हातारी आहे, ऊन लागलं असेलही, डॉक्टर बघतील. असा मी किती वेळ बसलो? अर्धा तास असेल. त्या अर्ध्या तासात मावशी मेली असती तर तिला मी मारलं असतं, एकदा बी न निवडून आणि दुसऱ्यांदा गप्प बसून. माझी बोटं खळीनं चिकटत होती आणि कानात एकच वाक्य वाजत होतं, बेलापूर, खाऊ नगंस रं.

शेवटी मी पेटी उचलली आणि शेजारच्याची सायकल घेतली. दवाखाना चार मैलांवर. वाटेत दोनदा वाटलं की माघारी फिरावं. तिथं मावशीला खाटेला बांधलं होतं, तरी बांधलेल्या हातांची बोटं थापल्यासारखी हलत होती. डॉक्टर कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला सांगत होते. मी त्यांच्यापुढं पेटी उघडली आणि पंचविसाव्या नळीवर बोट ठेवलं. कसाबसा म्हणालो, "हे पिठात आहे. मी बघितलं होतं."

डॉक्टरांनी नळी उजेडात धरली, माझ्याकडं एकदा बघितलं आणि नर्सला पोट धुवायची तयारी करायला सांगितलं. रेक्टरसाहेब दारातच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. नंतर त्यांनी ते सगळं पीठ खड्ड्यात पुरलं, माझ्याकडनं माफीनामा लिहून घेतला आणि अन्नमंत्रिपद काढलं. पेटी दवाखान्यातच राहिली, म्हणून संग्रहात मला शून्य मार्क पडले. त्या शून्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

मावशीला तिसऱ्या दिवशी माणसं ओळखू यायला लागली. आठवड्यानं ती परत मेसमध्ये आली, चार पावलं टाकली की दम लागत होता. मी तिच्यापुढं गेलो आणि सगळं सांगितलं, अर्ध्या तासासकट. तो अर्धा तास मी रेक्टरसाहेबांनाही सांगितला नव्हता. ती परातीतलं पीठ मळत राहिली. रडली असती किंवा उलथणं हाणलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग म्हणाली, "भ्यालास. मानूस भेतंय. पन भ्यालेल्या मानसाला येक काम द्यावं लागतं. उद्यापास्नं पयली भाकर तुजी."

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता मी चुलीपुढं उभा राहिलो. आता धान्य आमच्यातली चार-चार पोरं निवडत होती, तरी घास मी गालातच धरून ठेवला. मावशी कमरेवर हात ठेवून समोर. "चाव. गिळू नगंस. चाव." भाकरी संपली की घंटा होईपर्यंत तिच्याशेजारी पोत्यावर बसायचं. मी सारखी जीभ टाळ्याला लावून बघायचो, कोरड पडली का. ती विचारायची, "काय वाटतंय?" मी म्हणायचो, "भीती." ती म्हणायची, "मंग जित्ता हायेस."

सुट्ट्या सोडल्या तर पुढची दोन वर्षं, पदवी मिळेपर्यंत, रोज. पोरं आता 'बेलापूरचा नैवेद्य' म्हणायला लागली. भीती गेली नाही, पण रोज सकाळी तिला घेऊन उभं राहायची सवय झाली. स्नेहसंमेलनात पुढच्या वर्षी मी मोठं काम केलं. मावशी पहिल्या रांगेत बसून हौसाबाईला मोठ्यानं सांगत होती, "त्यो बग आमचा बेलापूर. पाय कापत्यात, पन उबा हाय." सगळं सभागृह हसलं, मीही हसलो.

निरोपाच्या दिवशी मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "जिथं जाशील तिथं बी नीट बगत जा." मी बियाणं तपासण्याच्या नोकरीला लागलो आणि हा शब्द पाळला. मात्र तिला भेटायला जायचं आज, उद्या करत राहून गेलं.

काही वर्षांनी कामानिमित्त काष्टीला गेलो तो बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या ढिगामागं हौसाबाई बसलेली दिसली. तिनं मला ओळखलं, आणि मी विचारायच्या आत सांगितलं की मावशी गेल्या हिवाळ्यात गेली. मी तिथंच तिच्याजवळ मातीत बसलो. म्हणालो, "हौसाबाई, मावशीनं मला दोन वर्षं पहिली भाकरी खायला लावली. केवढा भ्यायचो मी!"

हौसाबाईनं तागडी खाली ठेवली.

"तू नऊला यायचास," ती म्हणाली. "ती सातलाच तवा ठिवायची. पयली आपुन खायाची, तास-दीड तास बसून ऱ्हायाची. जीब वली हाय म्हंजी झालं. मंग मला म्हनायची, हौसा, आता बेलापूरला येऊ दे."