मधलं नाव

अण्णा गेल्याची तार आली तेव्हा मी नागपूरला, शाळेत वर्गावर होते. शिपाई दारात नुसताच उभा राहिला आणि मला कळलं. पुण्याला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याला आता दीड महिना झाला. माझ्या या थोरल्या भावाबद्दल लोक भरभरून बोलले, आणि प्रत्येक वेळी मला चीड आली... स्वतःचीच.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला रेल्वेत बदली होऊन अण्णा-वहिनी कलकत्त्याला, गार्डन रीचला राहत होते. तिथल्याच एका शाळेत मला नोकरी लागली म्हणून मीही त्यांच्याकडे होते. क्वार्टर्सच्या मागे नदीकडे गोदी कामगारांची वस्ती. भिंतींवर रोज नव्या नक्षलवादी घोषणा, भरदुपारी बॉम्बचे आवाज, पोलिसांची धरपकड. तरणाताठा मुलगा घरातून निघाला की परत येईलच याचा भरवसा नसे. अशात अण्णाला तिथल्या पोरांसाठी गाण्याचा फुकट वर्ग काढायची हुक्की आली! दर रविवारी सकाळी, बंद पडलेल्या क्लबाच्या पत्र्याच्या खोलीत. वहिनी करवादली, "अहो, माणसं मरताहेत आणि तुम्ही सा रे ग म काय घेऊन बसलाय?" अण्णा म्हणाला, "दोन तास तरी ती माझ्या नजरेसमोर असतील."

पंधरा-वीस मुलंमुली यायला लागली. बापी नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा तबल्यावर बसायचा. काय हात होता त्याचा! आणि मी... मी पडले मास्तरीण. हजेरीशिवाय वर्ग कसला, म्हणून मी वही घातली. तिकडे प्रत्येकाला घरचं एक नाव आणि शाळेतलं एक. वस्तीत सगळे घरच्याच नावानं ओळखत, आणि एका गल्लीत चार-चार बापी. अण्णा म्हणाला, "बापी हाक मारली की बापी येतो, पुरे की!" पण मला ते अर्धवट नाव बघवेना. आपल्याकडे नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं लिहितात. तसंच मी लिहिलं. "बाबार नाम?" असं मी विचारलं की मुलं हसायची. वडिलांचं नाव मध्ये घालायची त्यांच्यात पद्धतच नाही. तपन निताई दास, असं मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, तेव्हा बापी म्हणाला, "दिदी, हा कोण?"

एका रविवारी साध्या कपड्यांतले दोघे येऊन मागे बसले. त्या दिवशी बापी आला नव्हता. ते शांतपणे ऐकत होते, एक तर मांडीवर ठेका धरत होता. पोरं मात्र एकेक करून गप्प होत गेली, शेवटी अण्णा एकटाच गात राहिला. मग त्या ठेकेवाल्यानं हसून माझ्याकडे वही मागितली. अण्णानं माझ्याकडे पाहिलं, मान किंचित हलवली. नको, असं तो सांगत होता. मी मेली समजले, दे म्हणतोय! दिली. त्यानं सावकाश बोट फिरवलं, एका ओळीवर थांबवलं आणि वाचलं, "निताई दास." मग मला म्हणाला, "बहुत साफ लिखा है आपने."

अण्णा चप्पल न घालता वस्तीत धावला. मी तिथंच बसून राहिले. तासाभरानं तो परतला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. चौघांतला नेमका बापी पोलिसांनी उचलला होता. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

पुढच्या रविवारी त्याचे वडील आले. तबल्यापाशी उभे राहून हळूच म्हणाले, "मास्टरमशाय, घरी आले तेव्हा त्यांनी मला नावानं हाक मारली. माझं नाव त्यांना कुठून कळलं?"

मी तोंड उघडलं. मी बोलण्याआधीच अण्णा म्हणाला, "मी विचारून लिहून ठेवलं होतं. माझी चूक."

मी गप्प बसले. त्यानंतर वर्षानुवर्षं गप्पच बसले. अण्णा बदली होईपर्यंत वर्ग घेत राहिला. पुढे दर वर्षी तो निताईबाबूंना भेटायला जायचा आणि त्यांचं बोलणं खाली मान घालून ऐकून यायचा. मी विषय काढला की म्हणायचा, "सोड गं. तुझं वयच काय होतं?" माझं वय बापीपेक्षा चार वर्षांनी जास्त होतं.

तेराव्याला वहिनीनं माझ्या हातात एक पत्ता दिला. "निताईबाबूंना कळवायला हवं. तुला बंगाली येतं, तूच लिही." मी लिहिलं. मास्टरमशाय गेले, हे लिहिलं. तुमचं नाव त्यांनी नाही, मी विचारलं होतं आणि वहीही मीच दिली, हेही लिहिलं. पाकिटावर त्यांचं नाव चारदा गिरवलं, तरी ते माझ्या वळणदार अक्षरात उतरेना. तसंच टाकलं.

त्याला महिना झाला. उत्तर नाही. शाळेला सुट्टी लागलीय. दुपारी टपालाच्या वेळी फाटक वाजू नये असं वाटतं, आणि ते वाजावं म्हणून मी दारातच बसून असते.