आधी गाडी होऊ दे

"थांब. आधी याची गाडी होऊ दे."

हे वाक्य कानावर पडलं की आमच्या काट्यावरचे शहाणे लोक काढता पाय घेत. तो खिशातून वीतभर प्लास्टिकचा रोबो काढायचा. त्याचे हात पोटात घालायचा, डोकं पाठीत दाबायचा, पाय जुळवून चाकं खाली आणायचा, की त्याचा ट्रक व्हायचा. तेवढ्या वेळात समोरचा माणूस निघून गेला तर ठीक. नाही गेला, तर दुसऱ्या खिशातून दुसरा रोबो निघायचा.

मी केळीच्या बाजाराजवळच्या धर्मकाट्यावर बसते. भरलेल्या ट्रकचं वजन, रिकाम्या ट्रकचं वजन, नंबर, वेळ. याद्या करणं हा माझा स्वभावच आहे; घरी गॅसची टाकी कधी लावली तेही कपाटाच्या आतल्या बाजूला लिहिलेलं असतं. तो हमालांचा मुकादम. पंचेचाळिशीचा, बुटका, मान जवळजवळ नाहीच. आणि हात? तुम्हीही कुठल्याशा बाजारात असे हात पाहिले असतील. अंगाला एक माप, हातांना दुसरंच.

त्या हातांनी त्यानं माणसं फोडली होती. एका ड्रायव्हरला ताडपत्रीच्या दोरीनं चाकाला बांधून मारलं. दुसऱ्याचे दोन दात माझ्या खिडकीखाली पडले. मी ते पावतीच्या कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिले, कारण दवाखान्यात विचारतात. एका हमालाचं डोकं त्यानं घडांच्या ढिगात असं दाबून धरलं, की सोडवायला तिघं लागले. दुसऱ्या दिवशी मार खाल्लेल्यालाच चहा पाजायचा. "काल जरा जास्त झालं, भो." सगळे हसायचे. मीही हसले आहे. लिहायला बसलेच आहे तर तेही लिहायला हवं.

गेल्याच्या गेल्या दसऱ्याला त्यानं बायकोचं मनगट मोडलं. का, ते त्याला नंतर आठवेना. ती प्लास्टर घेऊन तुकईथडला भावाकडे निघून गेली आणि तिथून फोनवर अट घातली. दसरा ते दसरा कुणावर हात उचलायचा नाही, बाजारातल्या कुत्र्यावरसुद्धा नाही. मग परत येईन. "आणि तुमच्या तोंडावर माझा भरोसा नाही. काट्यावरच्या ताईंना लिहायला सांगा. मी येऊन वाचीन."

मला कुणी विचारलं नव्हतं. पण मी नवी वही काढली.

पहिलं खेळणं आलं ते चौथ्या दिवशी. इतवाऱ्याच्या बाजारात तो एका हमालाच्या मागे धावत होता. हमाल एका खेळण्यांच्या गाडीला वळसा घालून सुटला. मुकादमानं फेकून मारायला हाताला लागेल ते उचललं, आणि मुठीतच त्या वस्तूला हात फुटला. मग पाय. तो बघतच राहिला. गाडीवाला म्हणाला, "मुकादम, खोल दिया ना? अब बंद करके दिखाओ." बंद करता करता त्याला घाम फुटला. तोवर हमाल नदीवर, राजघाटाला पोचून पाण्यात तोंड धूत होता.

दुपारी तो माझ्या खिडकीशी आला. "ताई, लिहा. एक नंबर. निळी जीप. त्याला मारायचं राहून गेलं."

असं ते सुरू झालं. वहीत मी चार रकाने आखले: नंबर, कशाचं काय होतं, किती घड्या, मार कुणाचा वाचला. जी खूप आवडायची त्यापुढे तो चांदणी काढायला लावायचा.

तीन नंबरला अग्निशामक गाडी. तिची शिडी म्हणजे रोबोचा उजवा हात. एका ड्रायव्हरनं गाडी मागे घेताना हमालाच्या पायावर चाक घातलं, तेव्हाची. पायाची बोटं चिरडली होती, रक्त काट्याच्या पत्र्यावर आलं होतं, आणि ड्रायव्हर वरून म्हणत होता, "अंधा है क्या?" मुकादमानं त्याला कॉलरनं खाली ओढलं. मग त्याला तसाच डाव्या हातानं दाबून धरून उजव्या हातानं आणि दातांनी शिडी मिटली. ड्रायव्हरला काय चाललंय ते कळेना. तो रडायलाच लागला. त्या शिडीवर दातांचे ठसे अजून आहेत. चांदणी.

सहा नंबर डायनासोर. त्याची क्रेन होते. शेपूट पहिल्याच आठवड्यात तुटलं, कारण त्या आठवड्यात मेव्हण्याचा फोन तीनदा आला. नऊ नंबर काळी-पिवळी रिक्षा, अगदी स्वस्तातली, चारच घड्यांची. "हिला मोठा राग झेपत नाही, ताई. ही चहा थंड आला तर." हमाल आता त्याला छेडायलाही लागले होते. "मुकादम, आज जीप का डायनासोर?" "तुझ्यासाठी रिक्षा बी जास्त झाली, चल घड उचल." मी खिडकीतून बघायची आणि मला वाटायचं, हे माझ्या वहीचं काम आहे.

अकरा नंबर लाल ट्रक. सत्तावीस घड्या. होळीच्या आधी बायकोनं फोनवर सांगितलं, की तिनं गावातच काम धरलंय आणि दसऱ्याचं दसऱ्याला बघू. त्यानं केळी कापायचा कोयता पोत्यात गुंडाळला आणि तुकईथडच्या बसमध्ये जाऊन बसला. बस सुटायला वेळ होता. स्टँडवरच्या दुकानात हा ट्रक टांगलेला दिसला म्हणून घेतला. गाडी चालू झाली, हा घड्या घालत बसला. सतराव्या घडीला अडकायचा, पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या वाटेत ट्रक झाला. तो उतरला आणि समोरून येणाऱ्या बसनं परत आला.

हे सगळं त्यानं मला हसत हसत सांगितलं. डोळ्यांत पाणी होतं. "लिहा ताई, लिहा! ही सगळ्यात मोठी. हिला दोन चांदण्या."

मी लिहिलं: ११. लाल ट्रक. २७ घड्या. घरची (कोयता). दोन चांदण्या, शाईनं भरून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती आली. दुपारची वेळ, काट्यावर गाडी नव्हती. तो अंघोळ करून पांढरा शर्ट घालून काट्याच्या पत्र्यावरच उभा होता. चौदाही खेळणी त्यानं माझ्या खिडकीत ओळीनं मांडली होती. तिचं मनगट किंचित वाकडं जुळलं होतं. ती त्याच्याकडे न बघता खिडकीशी आली.

"वर्षभरात एकही मार नाही," मी वही पुढे केली. "मी साक्षीला आहे."

ती बोट ठेवून सावकाश वाचत गेली. दातांच्या ठशांपाशी थोडी हसलीही. मग बोट थांबलं.

"इथं चांदण्या दोन का?"

"तो माझा लाडका!" तो मागून म्हणाला. "आख्ख्या बाजारात कोणाला जमत नाही तो."

बोट ओळीवरून सरकत शेवटच्या रकान्यात गेलं. "घरची म्हणजे मी. कोयता म्हणजे काय, ताई?"

मी सांगितलं. बस, पोतं, अर्धी वाट. लपवण्यासारखं मला तोवर काही वाटलंच नव्हतं.

"होळीपासून तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "ती बस जिथं येते, त्याच स्टँडवरून मी रोज कामाला जाते. मला एक फोन नाही केला?"

"मी लिहून ठेवलं होतं," मी म्हटलं.

इतकं मूर्ख वाक्य मी जन्मात बोललेली नाही.

"अगं पण मी आलो नाही ना!" तो काकुळतीला आला होता. "उतरलो ना मी! विचार ताईंना!"

"चौदा वेळा माणसं वाचली, ती खेळण्यानं वाचली," ती त्याला म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पंधराव्या खेपेला दुकान बंद असलं, तर?"

तिनं ते पान वहीतून फाडलं, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवलं. "पुढे लागलं तर," म्हणाली, आणि रस्त्याकडे चालू लागली.

तो आता इथं नाही. आठ दिवसांत मुकादमकी सोडून गेला. कुणी म्हणतं रावेरकडे, कुणी म्हणतं गुजरातेत. नव्या मुकादमाला राग येत नाही, आणि हमाल कामही करत नाहीत. चौदा खेळणी खोक्यात घालून मी माळ्यावर ठेवली आहेत. कुणी नेली नाहीत. पण त्या दुपारचं अजून सांगायचं राहिलं आहे.

ती दहा-पंधरा पावलं गेली असेल. त्याची मान लाल झाली. हमाल उठून भिंतीकडे सरकले. त्याचा हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. मग दुसरा. सगळी खेळणी माझ्यापाशी खिडकीत होती.

"ताई, एक द्या," तो म्हणाला. "कोणतंही द्या. लवकर."

माझा हात लाल ट्रकवर गेलाही होता. मी तो मागे घेतला.

"नाही," मी म्हटलं. त्याच हातानं फोन उचलला आणि त्याला दिसेल असा धरला.

तो पत्र्यावर उभा होता, मुठी आवळून. रस्त्यावर ती पाठमोरी, बसची वाट बघत. माझ्यासमोर काट्याचा आकडा. एका माणसाच्या वजनानं तो एरवी पटकन ठरतो. आज सत्तर, ऐंशी, सत्तर, ऐंशी करत राहिला. त्याचं सगळं अंग थरथरत होतं आणि तो जागचा हलत नव्हता. मागे एक भरलेली गाडी येऊन हॉर्न देऊ लागली. एरवी मी माइकवरून ओरडते, काटा मोकळा करा. मी माइकला हात लावला नाही.

बस आली, थांबली, ती चढली. धूळ खाली बसेपर्यंत आकडा नाचत होता. मग सत्तरवर थांबला. मी तो कुठंही लिहिला नाही.