अर्धी गोळी

आपल्या घासातला अर्धा बहिणीला देणारी बाई गुन्हेगार कशी, सांगा मला? इस्पितळाने तिला तसंच वागवलं.

ती रफू करायची. माझ्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत, खिडकीखालच्या स्टुलावर. जळलेल्या, कुरतडलेल्या कोटांची भोकं अशी भरायची की ज्याचा कोट त्यालाही जागा सापडू नये. कुणी घासाघीस केली की म्हणायची, "मग भोक घेऊन जा, ते फुकट आहे."

तिच्या अंडाशयात कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाईंनी तिला तिच्याच भाषेत समजावलं. पेशीतला धागा तुटला की तो सांधणारी एन्झाइम्स असतात, आतले रफूवाले. तिच्या गाठीतला एक रफूवाला जन्मजात दोषामुळे निकामी झालेला. गाठ तगून होती ती दुसऱ्याच्या जिवावर. नवी गोळी त्या दुसऱ्याचे हात बांधते, मग गाठ उसवत जाते. ती हसली. "म्हणजे माझ्याच धंद्यावर उठलात."

गोळी इस्पितळातल्या औषध-चाचणीतली, म्हणून फुकट. गाठ उतरू लागली. तेवढ्यात धाकट्या बहिणीलाही तेच निघालं. दोष आईकडून दोघींना आलेला. पण चाचणीतल्या जागा भरल्या होत्या, आणि बाजारातली तसलीच गोळी विकत घ्यायची यांची ऐपत नव्हती.

त्यांच्या घरात लहानपणापासूनचा नियम: एकच वस्तू आली की दोन तुकडे, आणि कापणारीने शेवटी उचलायचं. थोरलीने रफूच्या कात्रीने गोळ्या कापल्या. मोठा तुकडा दर वेळी धाकटीकडे गेला. अर्ध्या गोळीने अर्धा तरी गुण येईल, एवढंच तिचं गणित. पण हात ढिले बांधले की रफूवाला पुन्हा कामाला लागतो. दोघींच्या गाठी वाढल्या.

तपासणीला सोबत म्हणून धाकटी गेली. दोघी सारख्याच पांढऱ्याफटक, दोघींना सारखीच मळमळ. डॉक्टरीणबाई काय ते समजल्या. थोरलीने लपवलं नाही. नियम मोडला म्हणून तिला चाचणीतून काढलं. ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "माझी जागा रिकामी झाली ना? मग हिला द्या."

"हिने औषध आधीच घेतलंय. आता ही नियमात बसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुढे थोरली वारली. त्या स्टुलावर आता धाकटी बसते. तिला रफू धड जमत नाही. गिऱ्हाइकं कोट तसेच परत नेतात.

तिला लागू पडेल ते औषध हवंय, अख्खं. ते मागायला सोमवारी सकाळी मी इस्पितळाच्या दारात उभा राहणार आहे. तुम्हीही या, आणि उशिरा येऊ नका.