पावलावर खोटं बोलायचं नाही

माझ्या भावाला गाडी चालवायला कुणीही शिकवलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या बिदिया गावात निदान चार म्हातारे असे आहेत, जे चारचौघांत छाती काढून सांगतात की खलफानच्या हातात स्टिअरिंग आम्ही दिलं. साफ खोटं. त्याला शिकवलं ते समहाने, आणि समहा ही सांडणी होती. तिला विकून त्याने पहिली जुनी लँड क्रूझर घेतली आणि तिच्या पाठीवर शिकलेलं सगळं त्या गाडीला लावलं. चढ आला की उंटाला गातात ते गाणं तो गाडीला गायचा. लोक हसायचे. पण दुसऱ्यांच्या गाड्या वाळूत रुतायच्या आणि त्या काढायला हाच जायचा.

वाळूत शिरण्याआधी तो शमीच्या झाडाखाली थांबायचा आणि काटकीने चारही टायरांतली हवा सोडायचा. बाकीचे ड्रायव्हर मीटर लावून बघायचे; हा डोळे मिटून नुसती फुसफुस ऐकायचा. “ए हिलालची आई, उंटाचा पाय बघ की,” मला म्हणायचा. “टेकला की पसरतो, उचलला की आवळतो. टायर तसा झाला की वाळू कुरकुर करत नाही.” हिलाल माझा थोरला. तो जन्मल्यापासून माझ्या भावाने मला नावाने हाक मारलेली नाही. माझं नाव ग़ालिया. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि लहानपणी त्याला कडेवर घेऊन घेऊन माझी कंबर एका बाजूला झुकली ती झुकलीच.

पंचवीस वर्षं त्याने पाहुण्यांना वाळवंट दाखवलं. सफर अर्ध्या दिवसाची. दुपारी तीनला निघायचं, वाळूच्या टेकड्यांवरून गाडी वरखाली घालून पाहुण्यांना ओरडायला लावायचं, मग माझ्या झोपडीत कॉफी आणि खजूर, मग उंटावर एक फेरी, शेवटी मोठ्या टेकडीवरून मावळता सूर्य, आणि परत. अर्ध्या दिवसात वाळवंट. आमच्या बापाने हे ऐकलं असतं तर हसून हसून उंटावरून पडला असता. तो समुद्रावरून सुके मासे आणायला जायचा तर नऊ दिवसांनी परतायचा, आणि आम्ही पोरं रोज संध्याकाळी टेकडीवर चढून त्याची वाट बघत बसायचो. ते दिवस काही सुखाचे नव्हते; पोटभर खाल्लेलं मला आठवत नाही. तरी जीव तिकडेच ओढ घेतो, काय करणार.

कॉफी माझ्याकडे. आमच्यात पुरे झालं की रिकामा कप हातात हलवायचा असतो. पाहुण्यांना ते ठाऊक नसायचं, आणि खलफान मुद्दाम सांगायचा नाही. एक जर्मन बिचारा तेरा कप प्यायला; मी ओततेय, तो पितोय, दोघंही हट्टाला पेटलेलो. खलफान कोपऱ्यात डोक्याचं फडकं तोंडावर धरून हसत होता. असा लबाड.

पण त्याचं खरं नाव झालं ते पावलांमुळे. आमच्याकडे पोर अक्षर शिकायच्या आधी पाऊल शिकतं. खडकाळ रानातल्या उंटाचा तळवा घासून गुळगुळीत होतो. वाळूतल्याच्या तळव्याला कातडीची सालं लोंबतात, त्यांच्या बारीक रेघा ठशात उमटतात. एवढं मलाही कळतं. खलफान मात्र आठ वर्षांचा असताना हरवलेल्या उंटिणीच्या मागे एकटा दोन दिवस चालत गेला आणि परक्यांच्या चाळीस जनावरांतून तिला वेगळी काढून घेऊन आला. माणसांचंही तेच. लग्नाआधी माझा नवरा दोनदा आमच्या विहिरीवर उगाच घुटमळून गेला होता. मी कुणाला काही बोलले नव्हते, तर या दिवट्याने संध्याकाळी जेवताना बापासमोर सांगितलं, “सुहैलला हल्ली फार तहान लागते. डाव्या पायावर भार देऊन उभा होता, बराच वेळ.”

बापाचा नियम एकच होता. पावलावर खोटं बोलायचं नाही, थट्टेतसुद्धा नाही, कारण पाऊल ओळखणाऱ्याच्या शब्दावर माणूस चोर ठरतो. खलफान सतरा वर्षांचा होता तेव्हा शेजाऱ्याची बकरी गेली. वडीलधारी जमली, ठसे दाखवले आणि त्याला विचारलं. ठसे आमच्या सख्ख्या मामाचे होते. मी लांबून बघत होते. पोराचे ओठ पांढरे पडले होते. त्याने मामाचं नाव घेतलं. त्यानंतर चार वर्षं मामा आमच्या दारात आला नाही आणि चार वर्षं आई खलफानशी धड बोलली नाही. त्याने एकदाही तक्रार केली नाही. तेव्हापासून मी त्याला मनातून भिते, लहान भाऊ असला तरी.

पाहुण्यांसाठी त्याने याचा एक खेळ बसवला होता. माझ्या अंगणातला एखादा ठसा दाखवून त्यांच्या भाषेत सांगायचं, ही गाभण आहे, ही काल संध्याकाळी गेली, ही लंगडते, मग माझ्याकडे वळून आमच्या भाषेत विचारायचं, “बरोबर ना, ए हिलालची आई?” मी मान हलवायची. पाहुणे टाळ्या वाजवायचे. पंचवीस वर्षं मी मान हलवली आणि एकदाही ती खोटी हलवली नाही, कारण तो एकदाही चुकला नव्हता.

मला रोज छळायलाही तो तेच वापरायचा. गाडीतून उतरला की खाली बघून म्हणायचा, “बद्रिया येऊन गेली वाटतं. सुनेच्या चहाड्या सांगत होती ना? किती वेळ बसली बघ, टाच रुतलीय.” बद्रिया माझी शेजारीण. गेल्या वर्षी एक दिवस तो असाच उतरला. अंगणात तिच्या पावलांची जत्रा भरलेली. आणि त्याने मला विचारलं, “आज कुणी आलं होतं का?”

“बद्रिया,” मी म्हटलं.

“असं होय,” म्हणाला आणि आत गेला, चौकटीला खांदा घासून.

मग मी बघतच राहिले. पाहुण्यांच्या खेळासाठी तो आता स्वतःच एखादा खोल, सोपा ठसा निवडायचा. कप घेताना त्याचा हात आधी हवेत चाचपायचा. साखरेचा आजार त्याला आहे, आईलाही होता, आणि आई शेवटी भिंत धरून चालायची. मागच्या महिन्यात मोठ्या टेकडीच्या माथ्यावर त्याने गाडी आडवी घातली. एका बाजूची दोन्ही चाकं उचलली गेली. पाहुणे आनंदाने किंचाळले, त्यांना वाटलं पैसे याचेच दिलेत. मी खालून बघत होते; माथा त्याला दिसलाच नव्हता.

मतरला सांगावं असं शंभरदा मनात आलं. मतर त्याचा मुलगा. मस्कतला बसून फोनवर पाहुणे ठरवतो, उंटावरून शेळ्या हाकतो. त्याला कळलं असतं तर त्याने त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असती. खलफानची बायको गेलेली, मुलं शहरात; गाडी गेली तर तो उठून करणार काय, जाणार कुठे? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी गप्प बसले. चूक केली. कुणाचं पोर मेलं असतं म्हणजे मग मी कुठे तोंड लपवलं असतं?

त्या दिवशी बेल्जियमचं कुटुंब आलं होतं. आई, बाप, दोन मुली. धाकटीचे पुढचे दात पडलेले. बाईच्या हातातला फोन सारखा चित्रं घेत होता. कॉफी झाली. दारापासून दहा पावलांवर लुबाना बांधलेली होती. लुबाना खलफानचीच सांडणी, समहाची नात, नऊ वर्षं माझ्याकडेच असते. सकाळी मीच तिला विहिरीवर नेऊन आणलं होतं आणि तिचे ठसे अंगणात स्वच्छ उमटले होते. धाकटीने ते दाखवून काहीतरी विचारलं.

खलफान गुडघ्यावर बसला, नाक वाळूला लागेल इतका वाकला. उठून पाहुण्यांना सांगितलं, मग मला म्हणाला, “परकी उंटीण आहे. खडकाळ रानातली, म्हातारी. पहाटे इथून पूर्वेला गेली. बरोबर ना, ए हिलालची आई?”

लुबाना तिथेच उभी राहून रवंथ करत होती. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

आमच्यात माणूस बायकोचं नाव विसरेल, पण आपल्या जनावराचं पाऊल विसरणार नाही. आता मी मान हलवली की तो चौघांना गाडीत बसवून मोठ्या टेकडीवर चढणार, सूर्य थेट डोळ्यांवर. नाही हलवली तर पंचवीस वर्षांत पहिल्यांदा त्याची बहीण त्याला खोटं ठरवणार. पाहुण्यांना आमची भाषा येत नव्हती, पण त्याला येत होती ना. मामाचं नाव घेताना पांढरे पडलेले ते ओठ माझ्या डोळ्यांसमोर आले.

“नाही,” मी म्हटलं.

“काय नाही?”

“परकी नाही. लुबाना आहे. सकाळी मी नेली होती.”

तो हसला. “थट्टा करतेस म्हातारे?”

“पावलावर?” मी म्हटलं.

तो पुन्हा खाली बसला. ठशाच्या कडेवरून बोटं फिरवली, हळू हळू, पूर्ण गोल. मग मान वर करून लुबानाकडे बघितलं, म्हणजे रवंथाचा आवाज येत होता तिकडे. मला वाटलं आता शिवी देईल, आणि दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तो उठला आणि पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत बोलायला लागला. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. सारवासारव करत असेल असं वाटलं आणि मला त्याची कीव आली, माझी लाज वाटली.

मग त्याने मतरला फोन करून डांबरी रस्त्यावर दुसरी गाडी मागवली. किल्ली बोनेटवर ठेवली. लुबानाला सोडलं, दोन्ही मुलींना तिच्यावर बसवलं आणि चपला काढून दोर हातात घेतला. आई-बाप मागून चालत निघाले. रस्ता तिथून पाऊण तासावर. अनवाणी पायांना वाट पाठ होती, दिसेनासा होईपर्यंत तो एकदाही अडखळला नाही. माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

लुबानाला घेऊन मतरचा गडी परत आला. खलफान आला नाही. अकरा दिवस आला नाही. गाडी माझ्या दारात उभी, काचेवर वाळू साचत होती. मी रोज ती फडक्याने पुसायचे आणि स्वतःला शिव्या घालायचे. चार परक्यांसाठी भाऊ घालवलास, ग़ालिया. एकांतात सांगता आलं नसतं का? वर्षभर होतं की तुझ्या हातात. बद्रियाही वर तोंड करून म्हणाली, “जीभ आवरायला काय झालं होतं तुला?” मी तिला कॉफी न देता परत पाठवलं.

बाराव्या दिवशी मतर एकटाच आला.

“आत्या, त्यांना मस्कतला डॉक्टरकडे ठेवलं होतं,” तो म्हणाला. “एक डोळा गेलाय. दुसरा आहे तेवढा टिकेल म्हणतात. गाडी आता बंद.”

“माझं नाव काढतो का?”

“ते कुणाचंच काढत नाहीत. पण हे बघ. त्या बेल्जियमच्या बाईने पाठवलंय.”

त्याने फोन पुढे धरला. पडद्यावर माझं अंगण आणि त्यात खलफान, पाहुण्यांच्या भाषेत बोलत असलेला. मतर मध्ये मध्ये थांबवून मला सांगत होता. “म्हणतायत, मी चुकलो. हे माझ्याच उंटिणीचं पाऊल आहे आणि मला दिसलं नाही. वर्षभर मला नीट दिसत नाही. सांगायची माझी छाती झाली नाही. माझ्या बहिणीची झाली.” मतरने चित्र पुढे सरकवलं. “म्हणतायत, आज मी तुम्हाला गाडीत बसवणार नाही. आणि पोरींनो, तिला नीट बघून घ्या. ती नसती तर तुम्ही आज माझ्या गाडीत असता.”

बाईने फोन वळवला आणि चित्रात मी आले. किटली हातात, पाठ जवळजवळ त्यांच्याकडे, कधी एकदा जातात अशी उभी. खलफान हात लांब करून मला दाखवतोय, धाकटी मला हात हलवतेय, आणि मी तिकडे बघतसुद्धा नाही.

मी मतरला ते तीनदा लावायला सांगितलं. तिन्ही वेळा मी तशीच उभी होते.