समुद्राखालचं दिसणारा देवमन

आसेगावच्या बौद्ध वस्तीतला देवमन इंगोले समुद्राच्या तळाचा चिखल तपासतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण त्याचा पगार नेमका कशाबद्दल मिळतो, हे कुणालाच नीट कळलं नव्हतं. नागपूरला भूगर्भशास्त्र शिकून तो गोव्याकडच्या एका प्रयोगशाळेत लागला आणि एकाहत्तर साली एका परदेशी जहाजावरून थेट दक्षिण ध्रुवाच्या वाटेला गेला. पहिला आठवडा ओकण्यात गेला. मग बर्फाच्या कडेनं समुद्रात लांब पोकळ नळ्या सोडून जहाजावरच्यांनी तळाचा गाळ वर काढला. त्या गाळात टाचणीच्या टोकाएवढे शंख असतात. कोणत्या थरात कोणते शंख, यावरून हजारो वर्षांपूर्वी समुद्र किती थंड होता, ते देवमन सूक्ष्मदर्शकातून ताडायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तो रजेवर घरी आला, तेव्हा पाण्याचे हाल होते. गावच्या विहिरीवर वस्तीतल्या बायांचा नंबर सगळ्यांत शेवटी लागायचा, आणि तोवर घागरीत गढूळच यायचं. म्हणून वस्तीनं आपली स्वतःची विहीर खणायचं ठरवलं होतं. जागा तेवढी ठरत नव्हती.

देवमनचे चुलते जानराव त्याच संध्याकाळी येऊन बसले. "देवमन, जागा तूच दाखव."

"काका, थे माह्यं काम नाई. मी समुद्राच्या तळाचं पाह्यतो."

"समुद्राखालचं दिसते, अन् आपल्या माळाखालचं काहून दिसत नाई?"

"मी जुन्या काळाचं हवामान सांगतो. वीस हजार वर्षांमागं..."

"मंग थे तर लईच दूर हाय. हे तर इथंच हाय, पायाखाली!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी त्याला माळावरून फिरवलं. ऊन मी म्हणत होतं. बाभळीचा काटा चप्पल फोडून टाचेत गेला आणि देवमन होता तिथंच मटकन बसला.

"बसला!" जानराव ओरडले.

"अहो काका, काटा..."

तोवर कुणीतरी चुना टाकून त्याच्याभोवती गोल काढलासुद्धा.

वाशीमहून गफ्फारची खणणारी टोळी आली. सुरुंग उडाले. काळा दगड निघाला, त्याखाली आणखी काळा दगड निघाला. विहीर खोल जात होती तसतसे लोक देवमनशी बोलायचे कमी झाले. देवमनची आई भागिरथाबाई भेटेल त्या बाईला सांगत सुटली, "माह्या लेकानं जागा नाई दाखवली वं! थो काटा काढाले बसला होता."

एका दुपारी सुरुंगानंतर खाली राखाडी रंगाचा मऊ थर उघडा पडला. देवमन दोराला धरून उतरला. थोड्या वेळानं आतून त्याचा आवाज घुमला, "सापडलं! सापडलं!"

बाया घागरी घेऊन धावल्या. जानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवमन वर आला तो तोंडभर धुळीनं माखलेला, आणि हातात एक दगड.

"हे पाहा! गोगलगायीचा शंख. कोट्यवधी वर्षांचा. तेव्हा अठी मोठं तळं होतं!"

भागिरथाबाईनं घागर कमरेवरून खाली ठेवली.

"तळं होतं?"

"होतं, माय. भरलेलं."

"अन् हे तू आता सांगून राह्यला?"

गफ्फारनं अवजारं गोळा करायला घेतली. पण देवमनला त्या थराखाली काय आहे ते पाहायचं होतं. त्यानं तार करून रजा वाढवली आणि स्वतःच खाली उतरला. हाताला फोड आले तरी तो छोट्या खुरप्यानं माती खरवडायचा, कुंच्यानं झाडायचा, शंख कागदात बांधायचा. गफ्फार काठावरून बघत होता. शेवटी त्याच्यानं राहवेना.

"साहेब, विहीर खोद रहे की भांडे घासून राह्यले? हटा!"

"अरे, हळू! थर मोडेल!"

गफ्फारनं खाली उतरून पहारीचे दोन-चार दणके घातले. भसकन आवाज झाला, आणि फटीतून पाणी उसळलं. वर एकच गलका उडाला. कुणी टोप्या उडवल्या, कुणी गफ्फारला वर ओढून खांद्यावर घेतलं. देवमन गुडघाभर पाण्यात उभा राहून रडवेल्या आवाजात ओरडत होता, "उपसा रे कोणी! माहा थर बुडून राह्यला!" त्याला वर काढायचं भान लोकांना बऱ्याच वेळानं आलं.

जानरावांनी भरून आलेल्या आवाजात सांगितलं, "रडून राह्यलं पोरगं, खुशीनं."

घरी तो गाल फुगवून बसला होता. भागिरथाबाईनं नव्या पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"पी."

तो प्याला. चेहरा जरा सैल झाला.

"कसं हाय?"

"गोड हाय."

"अन् तुह्या समुद्राचं?"

"खारट."

"मंग कायले जातं रे इतक्या दूर?"

देवमनला हसू आलं. त्यानं तांब्या रिकामा करून पुन्हा पुढं केला. पुढच्या सोमवारी तो गोव्याला निघून गेला. आणि वर्षभरात पुन्हा जहाजावर, पुन्हा बर्फाच्या कडेला, पुन्हा आठवडाभर ओकत.